'कल्पना नव्हती' एवढंच खोटं होतं

आधी पत्र देते, थोडं कापून, कारण मूळ मेल फार मोठा आहे आणि त्यात सोसायटीच्या पार्किंगचं भांडणही आहे, ते वगळलंय.

"ताई, नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रोडला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहते, वय ५४. आमचा बायकांचा वाचनगट आहे, म्हणजे मूळची भिशीच, पण लॉकडाऊननंतर त्यात पुस्तकंपण आली. यंदा ठरलं की जगातली एखादी गाजलेली कादंबरी घ्यायची आणि मग तिच्यावरचा सिनेमा एकत्र बघायचा. माझी पाळी आली तेव्हा मी डी. एच. लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' सुचवली. पुस्तक पूर्ण वाचलं एकीनेच, बँकेतून रिटायर झालेल्या आमच्या मॅडमनी. सिनेमा माझ्याच घरी लावला, नेटफ्लिक्सवरचा २०२२ चा. अर्ध्या-पाऊण तासात गडबड सुरू. दोघी-तिघी खिदळायला लागल्या, एकीने सोफ्यावरची उशी तोंडावर धरली. समोरच्या विंगमधल्या काकू काही न बोलता पर्स घेऊन निघून गेल्या (त्यांचे मिस्टर पॅरॅलिसिसमुळे बरीच वर्षं घरीच असतात, मला वाटलं औषधाची वेळ झाली असेल). आमच्या कामाच्या मावशी वडे तळता तळता किचनच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, मला म्हणाल्या वहिनी, एवढं मोठं घर पुसतं कोण. रात्री ॲडमिनने ग्रुपवर पावसातल्या सीनचा मोबाइलने काढलेला फोटो टाकला आणि लिहिलं, क्लासिकच्या नावाखाली हे असलं बघायचं का, घरात तरुण मुली असतात, कामाच्या बायका असतात, त्यांच्यावर काय परिणाम होईल. मग काय, सुरूच झालं. कोणी म्हणे निव्वळ चावटपणा. मॅडम म्हणाल्या पुस्तकाची वाट लावली. एक म्हणाली अपंग नवऱ्याला सोडून जाणारी बाई हिरॉइन कशी. एकीला फक्त कपडे आणि बंगला आवडला. आणि मी काय लिहिलं, तर 'खरंच सॉरी, मलाही कल्पना नव्हती'. आता ॲडमिनचं म्हणणं की पुढच्या मीटिंगला मी सगळ्यांसमोर माफी मागावी आणि यापुढे फक्त कौटुंबिक पुस्तकं घ्यावीत. मागू का माफी? की गटच सोडू? आणि सगळ्यांना त्यात घाण दिसली ती मला का नाही दिसली?

ता. क. सिनेमा मी आधी एकदा एकटीने पाहिला होता. खूप आवडला होता. म्हणून तर सुचवला."

अहो, सगळं पत्र एका बाजूला आणि हा ता. क. एका बाजूला. तुम्हाला रात्री झोप येत नाहीये ती सिनेमामुळे नाही, माफीमुळे तर नाहीच, तुम्हाला जे आवडलं ते तुम्ही पाच सेकंदांत ग्रुपवर नाकारलंत म्हणून येत नाहीये. आणि ते किती सहज झालं बघा, कोणी तुमच्यावर थेट आरोपही केला नव्हता, ॲडमिनने नुसता फोटो टाकला आणि तुम्ही लगेच हात वर केले. सगळ्याच करतात असं, ग्रुपवर मेसेज धडाधड पडायला लागले की माणूस आधी स्वतःला वाचवतो, त्यात तुमच्या घरी बोलावलेलं, वडे तुमचे, टीव्ही तुमचा. त्यामुळे मी काही तुम्हाला ओरडणार नाहीये. पण माफी कशाची मागायची हे ठरवायच्या आधी त्या संध्याकाळी तुमच्या हॉलमध्ये नेमकं काय काय झालं ते वेगवेगळं करून बघू, कारण ग्रुपवर ते सगळं एकाच पातेल्यात गेलंय.

सगळ्यात आधी काकू.

तुम्ही त्यांच्याबद्दल कंसात लिहिलंय आणि कंसातच सोडून दिलंय. परत वाचा तो कंस. ज्या बाईच्या घरी वर्षानुवर्षं नवरा अंथरुणावर किंवा व्हीलचेअरवर आहे, जी त्याला उठवते, बसवते, ज्या बाईला संध्याकाळी दोन तास घराबाहेर पडायचं तर कोणाला तरी घरी बसवून यावं लागतं, ती बाई तुमच्या सोफ्यावर येऊन बसली आणि समोर काय लागलं, तर तरुण बायको, लढाईत कमरेखालून कायमचा लुळा झालेला नवरा, आणि ती बायको जंगलात दुसऱ्या माणसाकडे जाते. बाकीच्यांना कपडे काढलेले दिसले. काकूंना कदाचित ती चाकाची खुर्ची दिसली असेल. त्यांच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, राग आला असेल, रडू आलं असेल, स्वतःच्या मनातलं काहीतरी समोर चालताना बघून घाबरायला झालं असेल किंवा खरंच औषधाची वेळ असेल. पण निघून गेलेल्या काकूंना बाकीच्यांनी 'बघा, किती धक्का बसला त्यांना' असं म्हणून चावटपणाच्या पार्टीत टाकून दिलं असणार, हे मी ग्रुप न बघता सांगते.

आणि इथे लॉरेन्सवर थोडा राग काढायला हरकत नाही. क्लिफर्ड, म्हणजे तो लुळा नवरा, आणि कॉनी, म्हणजे ती बायको, यांचं लग्न पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये होतं, महिनाभराचा हनिमून, मग तो परत फ्लँडर्सच्या आघाडीवर जातो आणि सहा महिन्यांत मोडून परत येतो. लेखकाने त्या लुळेपणाचा उपयोग केलाय तो एका अख्ख्या वर्गाचं आतून वाळून जाणं दाखवायला. त्याने स्वतःच नंतर एका निबंधात लिहिलंय की हे मुद्दाम ठरवून केलं नव्हतं, पण पहिला खर्डा वाचल्यावर त्यालाही त्यात प्रतीक दिसलं. आता प्रतीक वगैरे ठीक आहे हो, कागदावर छान वाटतं, पण जिच्या घरात खरी व्हीलचेअर आहे तिने ते प्रतीक म्हणून का बघावं? या कादंबरीवर हा आक्षेप अनेकांनी घेतलाय आणि मला तो पटतो. तुमच्या त्या दुसऱ्या मैत्रिणीचा प्रश्न, की अपंग नवऱ्याला सोडणारी हिरॉइन कशी, तोही यातूनच येतो आणि तो अजिबात बाळबोध प्रश्न नाही.

फक्त त्याचं उत्तरही पुस्तकात आहे. कॉनी त्याला सोडते ती तो चालू शकत नाही म्हणून, असं पुस्तक वाचून वाटत नाही. तो तिला सांगतो की तुला दुसऱ्या कोणाकडून मूल झालं तरी चालेल, घराण्याला वारस पाहिजे, म्हणजे बायको काय, इस्टेटीची सोय. आणि तो खुर्चीचा प्रसंग, माझ्या मते कादंबरीतला सगळ्यात जबरदस्त प्रसंग आणि त्यात कोणाचे कपडेबिपडे काही निघत नाहीत. क्लिफर्डची मोटर लावलेली खुर्ची जंगलातल्या चढावर अडकते. ढकलू नका म्हणतो, माझं इंजिन चढवेल म्हणतो, परत परत चालू करतो, गुरगुर नुसती. शेवटी मेलर्स, म्हणजे तो जंगलाचा रखवालदार, ज्याला आधी न्यूमोनिया होऊन गेलेला, तो ती खुर्ची माणसासकट उचलतो, पांढराफटक पडतो, मग ढकलत वर नेतो, कॉनीपण हात लावते. आणि आधी याच फेरफटक्यात क्लिफर्ड तिला राज्य करणारे कोण आणि राबणारे कोण यावर भाषण देऊन झालेला असतो. तिचं मन तिथे उडतं. हे तुमच्या गटात कोणी बोललं? नाही ना. कारण सगळ्या पावसातल्या सीनवर अडकल्या.

तर काकूंचं असं करा. फोन नको, मेसेज तर नकोच. दुपारी त्यांच्याकडे जा, मिस्टर झोपतात ती वेळ तुम्हाला माहीत असेलच, आणि एवढंच म्हणा की त्या दिवशी सिनेमात काय आहे ते मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, माझ्या लक्षातच आलं नाही. बस. 'तुम्हाला वाईट वाटलं का' असं विचारू नका, त्यांना उत्तर देणं भाग पडेल. त्या सिनेमाबद्दल बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर चहा घ्या, आणि काकांची चौकशी करायला म्हणून गेला नाहीत हेही त्यांना कळू दे. अशा घरी येणारी प्रत्येक व्यक्ती पेशंटलाच भेटायला येते, बाईला भेटायला कोणी येत नाही.

आता ॲडमिन आणि तो चावटपणा. ॲडमिनताईंनी जे लिहिलं ना, घरातल्या मुली, कामाच्या बायका, ते वाचून मी मोठ्याने हसले, कारण अगदी हेच, जवळपास याच शब्दांत, लंडनच्या कोर्टात १९६० साली विचारलं गेलंय. कादंबरी लॉरेन्सने १९२८ मध्ये इटलीत फ्लोरेन्सला खासगीत छापून घेतली होती, १९३० मध्ये तो वारला, वय अवघं ४४, आणि इंग्लंडमध्ये न कापलेली प्रत उघडपणे विकायची हिंमत पेंग्विन या प्रकाशन संस्थेने केली ती थेट १९६० मध्ये, तेव्हा त्यांच्यावर खटला झाला. सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारलं की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचावं असं तुम्हाला वाटेल का? ज्यूरीत नऊ पुरुष आणि तीन बायका बसलेल्या, त्यातल्या किती जणांकडे नोकर असणार! २ नोव्हेंबरला निर्दोष सुटका, आणि १० तारखेला पुस्तक बाजारात आलं ते पहिल्याच दिवशी दोन लाख प्रती संपल्या. वकीलसाहेबांनी फुकटची जाहिरात केली.

आपल्याकडे मात्र उलटं झालं. मुंबईत कुलाब्याच्या एका बुक स्टॉलच्या भागीदारांवर हेच पुस्तक विकल्याबद्दल खटला झाला, इंग्रजीत लिहिणारे कादंबरीकार मुल्कराज आनंद बचावाच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, तरी शिक्षा झाली, वीस-वीस रुपये दंड, आणि १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. म्हणजे बघा, या कादंबरीवरच्या भांडणात आपल्या राज्याचं नाव कायमचं कोरलंय. त्यासाठी लावलेली कसोटी इंग्लंडची, १८६८ ची, की ज्यांचं मन अशा गोष्टींनी बिघडू शकतं त्यांच्यावर काय परिणाम होईल ते बघा. परत तेच, परिणाम दुसऱ्यांवर होणार, स्वतःवर नाही! पाचच वर्षांनी, १९६९ मध्ये, आपल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवरचा खटला त्याच कोर्टात आला, 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेली कथा, आणि ती अश्लील नाही असं कोर्टाने सांगितलं. आणि २०१४ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने ती जुनी कसोटीच बाजूला ठेवली, म्हणाले आजच्या समाजाच्या नजरेने बघा आणि अख्खी गोष्ट बघा, एक तुकडा उपटून नको.

हे सगळं तुम्ही ग्रुपवर कॉपी-पेस्ट करावं म्हणून सांगत नाहीये हं, प्लीज करू नका, निकालांचे दाखले देऊन आजवर कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर कोणाचं मत बदललेलं नाही. सांगतेय अशासाठी की ॲडमिनने केलं ते नेमकं उपटलेल्या तुकड्याचंच काम आहे. दोन तासांच्या सिनेमातून एक फ्रेम, तीही टीव्हीवरून मोबाइलने काढलेली, म्हणजे वर तुमच्या ट्यूबलाइटचं रिफ्लेक्शनपण असणार त्यात, ती टाकायची आणि म्हणायचं हे बघा. आणि गंमत म्हणजे ज्या मुलींची आणि कामवाल्यांची काळजी होती त्यांच्या घरच्या फोनवर तो फोटो ॲडमिननेच पोचवला. त्यांना पर्सनलवर सांगा की तो फोटो डिलीट करा, माझ्या घरात काढलाय, मला न विचारता काढलाय. हे तुम्ही ठामपणे म्हणू शकता, यात सिनेमा चांगला की वाईट हा मुद्दाच येत नाही.

चावट वाटला ज्यांना, त्यांना वाटू दे ना. खरंच. शरीराची जवळीक पडद्यावर एवढ्या वेळ बघणं काहींना नको वाटतं, त्यात जुनाट असं काही नाही. मला स्वतःला त्या सिनेमातले सीन चांगले वाटले, घाई नाही, बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, तिला काय वाटतंय ते कळतं, दिग्दर्शिका बाई आहे याचा त्यात वाटा असावा असं माझं मत. हेच पुस्तक १९८१ मध्ये 'इमॅन्युएल' हा गाजलेला कामुक सिनेमा करणाऱ्या दिग्दर्शकाने केलं होतं, तीच नटी घेऊन, आता त्यात काय असेल ते तुम्ही ओळखाच. म्हणजे कादंबरी एकच, हात बदलला की माल बदलतो. पण माझं मत हे माझं मत, ते तुमच्या गटातल्या दहाजणींवर लादता येणार नाही.

आणि खिदळणाऱ्यांना तर माफच करून टाका. तोच सीन एकटीने रात्री हेडफोन लावून बघणं वेगळं आणि डाव्या बाजूला भिशीची खजिनदार, उजव्या बाजूला मुलाच्या ट्यूशनच्या टीचर, हातात वडा, अशा अवस्थेत बघणं वेगळं. हसू त्या सिनेमाला नव्हतं, एकमेकींच्या शेजारी बसून ते बघण्याला होतं. आपल्याकडे शृंगाराचं वावडं आहे असं मला कधीच वाटलेलं नाही, गडकरी रंगायतनला लावणीच्या प्रयोगाला बायका शिट्ट्या मारतात, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाथासप्तशतीत आपल्याच मातीतल्या बायका काय काय बोलून गेल्यात ते एकदा वाचाच, लॉरेन्स लाजेल. पण लावणीला अंधार असतो आणि सगळ्यांची तोंडं स्टेजकडे. तुमच्या हॉलमध्ये लाइट चालू होते. तिथेच चुकलं, अगदी साध्या अर्थाने.

मॅडमचं वेगळं आहे. 'पुस्तकाची वाट लावली' म्हणणारी बाई ही तुमची खरी मेंबर, कारण ती एकटीच पुस्तक वाचून आली होती, आणि तिला तुम्ही सगळ्यांनी मिळून चावटपणावाल्यांच्या रांगेत उभं केलंत. तिचं भांडण उलट दिशेचं आहे, विचारून बघा, ती म्हणेल सिनेमा फार गुळगुळीत केलाय. आणि तिच्याकडे मुद्दे असतील. पुस्तकातला मेलर्स हा असा हळवा, फोटोजेनिक माणूस नाहीये, तो कडू आहे, बायकांबद्दल काही वेळा इतकं घाणेरडं बोलतो की पुस्तक फेकून द्यावंसं वाटतं. तो सैन्यात अधिकारी होऊन आलेला, त्यामुळे साहेबी इंग्रजी त्याला उत्तम येतं, पण चिडला किंवा प्रेमात आला की मुद्दाम डर्बीशरच्या गावठी बोलीत शिरतो, जसा आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातला एखादा माणूस ऑफिसात साहेबाशी पुस्तकी मराठी बोलेल आणि डोकं फिरलं की आगरीत सुरू होईल. त्या बोलीत त्याचा सगळा माज आहे. सिनेमातला नट जॅक ओकॉनेल स्वतः डर्बीचाच आहे, त्यामुळे ते थोडं तरी राहिलंय, पण पुस्तकातली धार नाही. कोळशाच्या खाणी, त्यांनी काळं झालेलं गाव, संप, मजुरी, हे पुस्तकात पानापानांवर आहे, लॉरेन्स खाणकामगाराचाच मुलगा, ते त्याच्या घरचं होतं, सिनेमात ते मागे पडद्यासारखं राहतं. आणि शेवट! पुस्तक संपतं ते मेलर्सच्या एका लांबलचक पत्रावर, दोघं दोन ठिकाणी, घटस्फोट व्हायचाय, मूल पोटात, पुढे काय होईल कोणालाच माहीत नाही. सिनेमात ती त्याला जाऊन भेटते. आता हा बदल मला आवडला की नाही, तर अर्धा आवडला. दोन तास त्यांच्यासोबत घालवल्यावर प्रेक्षक म्हणून मलाही ते भेटायला हवेच होते, पण वाचक म्हणून तो न संपलेला शेवटच जास्त खरा वाटतो. मॅडमना यावर बोलायला वीस मिनिटं द्या. बँकेतल्या बाईने मुद्दे लिहून आणले असतील, पैज लावते.

कपडे आणि बंगला आवडलेल्या मैत्रिणीचं मत मी बाद करणार नाही, बंगला खरंच छान आहे. पण त्यापुढचा प्रश्न तुमच्या मावशींनी विचारला, एवढं घर पुसतं कोण. ॲडमिनना भीती की कामाच्या बाईवर काय परिणाम होईल, आणि झाला तो हा. सिनेमात एवढी सगळी चादरी-चहा-जिन्यांची उस्तवार चालते ती करणारी माणसं कोण, त्यांना पगार किती, हे तुमच्या गटातल्या एकीलाही सुचलं नाही. कॉनी आणि मेलर्सचं सगळं प्रकरण या एका प्रश्नावर उभं आहे हो, मालकीणबाई आणि नोकर, म्हणून तर गावभर बोभाटा. दोन श्रीमंतांचं लफडं असतं तर क्लिफर्डने तोंडातून शब्द काढला नसता, मूल दुसऱ्याचं चालेल म्हणालाच होता, पण रखवालदाराचं म्हटल्यावर त्याचा तोल गेला.

आता तुम्ही. 'मला का नाही दिसली घाण' असं विचारलंयत. कारण तुम्ही सिनेमा पाहिलात आधी, एकटीने, निवांत, कोण काय म्हणेल याची काळजी न करता, आणि तुम्हाला एक बाई दिसली जिच्याकडे घरात कोणी बघत नाही आणि मग कोणीतरी बघतं. ५४ व्या वर्षी ते आवडलं, शरीरालाही आवडलं असेल, बरं मग? तुमच्या संसारात काही कमी आहे का वगैरे शोध घेत बसू नका, तसं काही असेल तर तुम्ही मला वेगळं पत्र लिहिलं असतंत. याचं स्पष्टीकरण कोणालाही द्यायचं नाही. नवऱ्यालाही नाही, सांगावंसं वाटलं तर सांगा, शनिवारी जेवणं झाल्यावर लावा सिनेमा आणि बघा तो किती वेळ जागा राहतो.

माफीचं माझं मत स्पष्ट आहे, सिनेमा दाखवल्याची माफी नाही, सांगितलं नाही त्याची मागायची. तुम्हाला माहीत होतं त्यात काय आहे, बाकीच्यांना नव्हतं, आणि त्यांना घरी बसून ठरवायची संधी मिळायला हवी होती. सिनेमाच्या सुरुवातीला कोपऱ्यात वयाचं रेटिंग येतं, २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवाल्यांना ते द्यावंच लागतं, पण तेव्हा तुमच्या घरी सगळ्या चटणी वाढून घेत असतील. आणि 'कल्पना नव्हती' हे मागे घ्या. मीटिंगमध्ये उभं राहून नको, ते नाटक होईल, ग्रुपवरच, दुपारी, असं काहीतरी लिहा:

"त्या दिवशी मी लिहिलं की मला कल्पना नव्हती, ते खरं नव्हतं. मी हा सिनेमा आधी पाहिला होता आणि मला आवडला होता. त्यात काय आहे ते मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं, त्याबद्दल सॉरी. ज्यांना आवडला नाही त्यांचं का नाही आवडला ते मला ऐकायचंय. पुढच्या शनिवारी मॅडम पुस्तक आणि सिनेमातल्या फरकावर बोलतील, चहा माझ्याकडे."

एवढंच. हात जोडलेले इमोजी नकोत. मेसेज टाकल्यावर फोन चार्जिंगला लावून बाहेर पडा, तलावपाळीला एक चक्कर मारून या, दर दोन मिनिटांनी ब्लू टिक बघत बसलात तर परत काहीतरी सारवासारव लिहाल. माझा अंदाज, दोघी-तिघी पर्सनलवर लिहितील की मलापण आवडला होता गं, पण तिथे कसं बोलणार. त्यांना ग्रुपवर बोलायला लावायच्या भानगडीत पडू नका, ज्याची त्याची वेळ असते.

गट सोडायचा प्रश्नच येत नाही. 'फक्त कौटुंबिक पुस्तकं' हा ठराव आला तर शांतपणे विचारा की म्हणजे कुठली, नावं सांगा, आणि मग प्रत्येक नावात कोणाचं कोणाशी काय चालू असतं ते मॅडमना सांगू द्या, मराठीतली चांगली कौटुंबिक कादंबरी काढा आणि तिच्यातलं कुटुंब धड आहे का बघा. त्यापेक्षा एक साधा नियम करा, जिने पुस्तक सुचवलं तिने सिनेमा आधी बघून दोन ओळींत सांगायचं काय आहे, आणि कोणाला मधेच उठून जायचं असेल तर कोणी कारण विचारायचं नाही. काकूंना हे बरं पडेल.

आणि मेलमध्ये शेवटी विचारलं होतंत की याच कादंबरीवरचा दुसरा बरा सिनेमा कुठला. एक केन रसेलने बीबीसीसाठी १९९३ मध्ये केलेली मालिका आहे, तिच्यात कॉनी झालेली जोएली रिचर्डसन तुमच्या २०२२ च्या सिनेमात क्लिफर्डची नर्स मिसेस बोल्टन झालीये, हे कळल्यावर परत बघताना मजा येते. पण बघायचाच तर २००६ चा फ्रेंच बघा, पास्काल फेराँ नावाच्या बाईंचा, लॉरेन्सने ही गोष्ट तीनदा लिहिली होती त्यातल्या दुसऱ्या खर्ड्यावरून केलेला, फ्रान्सचं सर्वोत्तम सिनेमाचं सेझार मिळालंय त्याला. यातही कपडे निघतात, आधीच सांगून ठेवते. पावणेतीन तासांच्या आसपास आहे आणि सबटायटल वाचावे लागतात, तर जेवणं उरकूनच लावा आणि सगळ्यांना चष्मे आणायला सांगा.